फुकटची गाडी आणि तुमची सही: ब्रिटनमध्ये दुसऱ्याच्या चुकीने गाडी ठोकली गेली तर

लाल सिग्नलला तुमची गाडी उभी आहे आणि मागून कोणीतरी येऊन ठोकली. चूक कोणाची हे सांगायला वकील लागत नाही. पण ब्रिटनमध्ये पुढचे दोन-तीन महिने कसे जाणार हे चूक कोणाची यापेक्षा पहिल्या तासात तुम्ही फोन कोणाला केलात यावर जास्त ठरतं.

पुष्कळदा तर आपण फोन कोणाला केला हेच माणसाला ठाऊक नसतं. हात थरथरत असतात, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असतात, आणि आपण फुटपाथवर उभं राहून मोबाईलवर आपल्या इन्शुरन्स कंपनीचं नाव आणि पुढे ‘क्लेम’ असं टाइप करतो. सगळ्यात वर येते ती जाहिरात. तिच्यात शब्द असे जुळवलेले असतात की ती आपल्याच कंपनीची वाटावी. बटण दाबलं की पलीकडून गोड आवाज येतो, ‘तुम्ही ठीक आहात ना? आता सगळं आमच्यावर सोडा.’ तो माणूस तुमच्या इन्शुरन्सचा नसतोच. इन्शुरन्स फ्रॉड ब्युरोने अशा जाहिरातींबद्दल इशारे दिलेले आहेत. म्हणून क्लेमचा नंबर पॉलिसीच्या कागदावरून आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

तो गोड आवाज बहुधा एखाद्या ॲक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनीचा असतो. ही कंपनी विमा विकत नाही. दुसऱ्याच्या चुकीने ज्यांची गाडी ठोकली गेली आहे त्यांची सगळी धावपळ ती अंगावर घेते. बंद पडलेली गाडी उचलून नेणं, ठेवून घेणं, दुरुस्त करून देणं, तोवर तुमच्या गाडीच्या तोडीची दुसरी गाडी दारात आणून उभी करणं, दुखापत असेल तर सॉलिसिटर गाठून देणं, असं सगळं. एक्सेस (क्लेममधला आपण स्वतः भरायचा ठरलेला वाटा) भरायचा नाही, स्वतःच्या विम्यावर क्लेम टाकायचा नाही, नो क्लेम बोनसला धक्का नाही. आणि तुमच्याकडून घ्यायचं काय, तर काहीच नाही.

ही सरसकट फसवणूक नव्हे, हे आधीच सांगतो. हा कायदेशीर धंदा आहे, त्यातल्या काही कंपन्या खूप मोठ्या आहेत, आणि काही लोकांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण ‘काहीच नाही’ या शब्दांच्या मागे काय आहे ते समजून घ्यायला हवं.

पैसा येतो कुठून

तुम्हाला मिळालेली गाडी फुकट नसते, उधारीवर असते. याला क्रेडिट हायर म्हणतात. तुम्ही करारावर सही करता, रोजचं भाडं तुमच्या नावावर चढत जातं, फक्त ते लगेच मागत नाहीत. गाडी परत गेल्यावर कंपनी तुमच्या नावाने ते बिल चूक करणाऱ्याच्या इन्शुरन्स कंपनीकडे पाठवते. किराणा दुकानात तुमच्या नावावर उधारी लिहायची आणि वाणी ती परस्पर तुमच्या मेव्हण्याकडून वसूल करणार, असा हा प्रकार. मेव्हण्याने पैसे दिले तर सगळे खूश. त्याने ‘एवढी साखर लागलीच कशाला?’ म्हणून निम्मेच दिले, तर वहीत नाव तुमचंच असतं.

मेव्हणा असं विचारणारच, कारण भाव जास्त असतो. समजा, हाय स्ट्रीटवरच्या भाड्याच्या दुकानात तुमच्यासारखी गाडी रोज ४० पौंडांना मिळते. उधारीवर तिचाच दर ११० पौंड लागू शकतो. गाडी दुरुस्त व्हायला चार आठवडे लागले तर एकीकडे १,१२० पौंड, दुसरीकडे ३,०८०. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण असा फरक पडणं नवलाचं नाही.) वरच्या जवळपास दोन हजारांत पैसे अडकून राहण्याची किंमत आली, वसुलीचा खर्च आला, ज्याने तुम्हाला त्यांच्याकडे धाडलं त्याचं कमिशन आलं आणि नफाही आला.

दोन्हीकडच्या कंपन्यांमध्ये हे भांडण तीस वर्षांहून जास्त चालू आहे. १९९३ मध्ये ते हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेलं. निकाल असा आला की हा धंदा बेकायदा नाही, पण गाडी ठोकली गेली एवढ्यावरून दुसऱ्या गाडीची गरज आपोआप सिद्ध होत नाही. माणूस त्या काळात परदेशी असू शकतो, हॉस्पिटलात असू शकतो. २००० साली त्याच कोर्टाने सांगितलं की सामान्यतः उधारीचा चढा दर मिळणार नाही, बाजारातल्या साध्या भाड्याइतकीच भरपाई मिळेल. मग २००३ मध्ये एक वेगळंच प्रकरण आलं. रस्त्याकडेला उभी केलेली जुनी फोर्ड एस्कॉर्ट कोणीतरी ठोकली होती. मालकाला नोकरी नव्हती, तब्येत बरी नव्हती, आणि भाड्याच्या गाडीचे पैसे आगाऊ भरायला खिशात दमडी नव्हती. कोर्ट म्हणालं, ज्याच्यापुढे उधारीशिवाय दुसरा रस्ताच नव्हता त्याला उधारीचा पूर्ण दर मिळायला हवा.

या तीन निकालांवर आजही सगळं उभं आहे. तुमचं भाडं वसूल होणार की नाही याचे प्रश्न त्यांतूनच निघतात. गाडीची गरज होती का? एवढ्या मोठ्या गाडीची होती का? एवढे दिवस होती का? आणि रोख पैसे भरून स्वस्तात घेणं तुम्हाला शक्य होतं का?

चौथा प्रश्न लोकांना अनपेक्षित असतो. ‘माझ्याकडे पैसे नव्हते’ असं म्हणायचं तर ते दाखवावं लागतं, म्हणजे बँकेची स्टेटमेंट्स आणि क्रेडिट कार्डांची बिलं समोर ठेवावी लागतात. स्लाऊ किंवा रेडिंगमध्ये आयटीत बऱ्या पगारावर असलेल्या माणसाच्या खात्यात सेव्हिंग दिसलं की तो मुद्दा तिथेच संपतो. मग कोर्ट साधं भाडं मंजूर करतं. वरच्या फरकाचं काय करायचं हे तुमच्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं.

बहुतेक कंपन्या हा फरक ग्राहकाकडे मागत नाहीत, हे खरं आहे. मागायला लागल्या तर धंदाच बसेल. करारासोबत अनेकदा एक छोटी विमा पॉलिसीही जोडलेली असते, वसुली झाली नाही तर ती भाडं भरते. पण तिला अट असते, तुम्ही सहकार्य करायचं. सहकार्य म्हणजे कागद वेळेवर देणं, खरं बोलणं, आणि वेळ आली तर कोर्टात साक्षीला उभं राहणं. दावा तुमच्या नावाने चालतो, ‘यातली माहिती खरी आहे’ या ओळीखाली सही तुमची असते, उलटतपासणीही तुमचीच होते. घरात दुसरी गाडी होती हे लपवलं, किंवा त्यातले दोन आठवडे पुण्याला भाच्याच्या लग्नात होतात हे सांगायचं राहिलं, तर तिथे ते बाहेर येतं. त्यानंतर ती छोटी पॉलिसी कामाला येईल याची खात्री नाही.

करारात भाडं बारा महिन्यांच्या आत फेडायचं, व्याज नाही, असंही लिहिलेलं दिसेल. तो उदारपणा नव्हे. अशी रचना केली की ग्राहकांना कर्ज देण्याबद्दलच्या कायद्याच्या बऱ्याच अटी लागू होत नाहीत. त्यामुळे कर्ज घेताना जे संरक्षण असतं ते इथे आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

चूक शंभर टक्के त्याचीच आहे का

मागून धडक बसली किंवा उभ्या गाडीला ठोकलं, तर वाद सहसा होत नाही. राउंडअबाउटवर लेन बदलताना घासलं, पार्किंगमध्ये दोघंही मागे घेत होते, अरुंद गल्लीत समोरासमोर आरसे लागले, अशा ठिकाणी मात्र जागेवर ‘सॉरी, माझंच चुकलं’ म्हणणारा माणूस संध्याकाळपर्यंत आपल्या इन्शुरन्सला वेगळीच गोष्ट सांगतो. शेवटी निम्मी-निम्मी चूक ठरते. मग ३,०८० पौंडांतले जास्तीत जास्त १,५४० समोरून येऊ शकतात. वादाच्या प्रकरणात उधारीवर गाडी घेणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. चांगली कंपनी असे ग्राहक घेतच नाही. जी डोळे मिटून घेते तिच्यापासून चार हात लांब राहावं.

डॅशकॅम असेल तर क्लिप त्याच दिवशी कॉपी करून ठेवा, नाहीतर पुढच्या रेकॉर्डिंगखाली ती पुसली जाते. फोटो काढताना नुसता चेपलेला बंपर नको. दोन्ही गाड्या, रस्त्यावरच्या पट्ट्या आणि सिग्नल एका चौकटीत येतील असे काढा. समोरच्याचं नाव, पत्ता, गाडीचा नंबर घ्या. कायद्याने तो द्यावाच लागतो, आणि तिथे देवाणघेवाण झाली नाही तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं.

आपल्या इन्शुरन्सचा रस्ता

भारतातून आलेल्यांची इथे एक खास अडचण होते. आपल्याकडे गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की चूक कोणाचीही असो, नो क्लेम बोनस गेला, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पाच वर्षं जपलेली पन्नास टक्के सूट एका डेंटपायी कोण घालवेल? म्हणून ‘जागेवरच मिटवून टाकू’ हा आपला शहाणपणा. तो घेऊन माणूस इथे येतो आणि आपल्या इन्शुरन्सला काही कळवतच नाही.

इथल्या पॉलिसींमध्ये मात्र अपघात कळवणं ही अट असते, क्लेम घ्या की नका घेऊ. कळवणं वेगळं आणि क्लेम टाकणं वेगळं. ‘फक्त माहितीसाठी कळवतोय’ असं स्पष्ट सांगता येतं. कळवलं नाही आणि पुढे समोरच्याने तुमच्यावरच दावा ठोकला, तर पॉलिसीची अट मोडल्याचं खापर तुमच्यावर. ॲक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनीने ‘तुमच्या इन्शुरन्सला सांगायची गरज नाही’ म्हटलं, तर त्या क्षणी फोन ठेवावा.

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर आपल्याच इन्शुरन्सकडून दुरुस्ती करून घेता येते. आधी एक्सेस भरावा लागतो, तो नंतर समोरून वसूल होऊ शकतो. पॉलिसीसोबत लीगल कव्हर घेतलेलं असेल तर ते काम त्यांचे वकील करतात. तुमची कंपनी दुरुस्तीचा खर्च समोरच्या कंपनीकडून परत मिळवते, आणि तो पूर्ण मिळाला की नो क्लेम बोनस शाबूत राहतो. गोम एवढीच की मिळेपर्यंत क्लेम ‘उघडा’ दिसतो. मध्येच रिन्युअलची तारीख आली की हप्ता फुगतो. क्लेम मिटल्यावर फोन करून तो हिशेब दुरुस्त करून घ्यावा लागतो, तो आपोआप होईल या भरवशावर राहू नये. आणि चूक तुमची नसली तरी नुसता अपघात झाला म्हणून हप्ता थोडा वाढू शकतो, हेही खरं आहे. वाटेल त्या मार्गाने गेलात तरी हे चुकत नाही, कारण रिन्युअलच्या फॉर्मवर गेल्या काही वर्षांतले अपघात विचारतातच.

या रस्त्याचं खरं दुखणं कर्टसी कार, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत वापरायला मिळणारी पॉलिसीतली गाडी. ती बहुधा छोटी हॅचबॅक असते आणि आपली गाडी त्यांच्या ठरलेल्या गॅरेजात दुरुस्तीला असेल तेवढ्याच काळात मिळते. गाडी राइट-ऑफ झाली, म्हणजे दुरुस्तीपेक्षा मोडीत काढणं परवडतं असं ठरलं, तर बहुतेक साध्या पॉलिसींमध्ये कर्टसी कार मिळतच नाही. ज्याला पहाटे पाचच्या शिफ्टला वेअरहाऊसमध्ये पोचायचं आहे आणि त्या वेळी बस नाही, त्याच्यासाठी हा मोठा खड्डा आहे. स्विंडनमध्ये स्थायिक झालेल्या गोवेकरांत अशा शिफ्टवाल्यांची कमी नाही. थर्ड पार्टी पॉलिसीवाल्याला तर स्वतःच्या गाडीसाठी आपल्या इन्शुरन्सकडून काहीच मिळायचं नाही. उधारीची गाडी शोभते ती अशांना. गरज खरी, चूक निर्विवाद दुसऱ्याची, आणि खिशात आगाऊ भरायला पैसे नाहीत.

तिसरा फोन

बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं की तिसरीही वाट आहे, चूक करणाऱ्याच्या इन्शुरन्सशी थेट बोलण्याची. कित्येकदा तेच दोन-तीन दिवसांत फोन करतात, ‘आमच्या ग्राहकाची चूक आहे, तुमची गाडी आम्ही दुरुस्त करतो, तोवर गाडीही देतो.’ ही मेहेरबानी नव्हे. त्यांना ठाऊक असतं की तुम्ही उधारीच्या गाडीत बसलात तर बिल तिप्पट येईल. स्वस्तात सुटायची त्यांना घाई असते आणि त्या घाईत तुमचा फायदा होतो. एक्सेस नाही, उधारी नाही, तुमच्या नावावर भाड्याची वही नाही.

चूक उघड असेल आणि त्यांनी ती मान्य केली असेल, तर माझ्या मते पहिल्यांदा हीच वाट बघावी. मात्र चूक मान्य केल्याचं ईमेलवर लिहून घ्या. गाडी कोणती, किती दिवस, आणि त्यांना ती रोज किती पौंडांना पडते हेही विचारा. हा आकडा महत्त्वाचा आहे. २००९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने म्हटलं होतं की अशी गाडी देऊ करताना तिचा खर्च सांगितलेला नसेल, तर ती नाकारली म्हणून ग्राहकाला दोष देता येत नाही. उलट आकडा सांगितलेला असताना तुम्ही ती नाकारून तिप्पट दराची गाडी घेतलीत, तर पुढे त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

एक पथ्य पाळा. ही कंपनी तुमची नव्हे, त्यांचा ग्राहक तो दुसरा माणूस आहे. गाडीची दुरुस्ती त्यांच्याकडून जरूर घ्या, पण मानेला दुखापत असेल तर डॉक्टरला दाखवण्याआधी कोणत्याही रकमेवर ‘हो’ म्हणू नका. मानेच्या किरकोळ दुखापतींची भरपाई इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळते, आणि त्यासाठीचं ऑनलाइन पोर्टल वकिलाशिवाय वापरता येतं.

आणि तुमचा इन्शुरन्सच तुम्हाला तिकडे पाठवतो

आता जी गोष्ट सांगतो तिने वरची सगळी मांडणी थोडी विस्कटते. तुम्ही शहाण्यासारखं पॉलिसीवरचा नंबर फिरवता. बाई सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘चूक तुमची नाही, मग आम्ही तुम्हाला आमच्या पार्टनरकडे जोडून देतो, तुम्हाला मोठी गाडी मिळेल.’ तो पार्टनर म्हणजे तीच क्रेडिट हायरवाली कंपनी. तुमच्या इन्शुरन्सला किंवा ब्रोकरला त्यासाठी कमिशन मिळतं. दुखापतीच्या प्रकरणांत असं कमिशन घेण्यावर एप्रिल २०१३ पासून बंदी आहे, पण भाड्याच्या गाडीसाठी ती नाही.

म्हणजे ज्या इन्शुरन्स कंपन्या उधारीच्या बिलांवर कोर्टात दात-ओठ खातात, त्यांतल्याच काही स्वतःचे ग्राहक त्या धंद्याला पुरवतात. स्पर्धा आणि बाजारांवर देखरेख करणाऱ्या सीएमए या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये याचा तपास केला. मूळ दुखणं त्यांनी बरोबर हेरलं. खर्च करणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, मग खर्च आवरायची गरज कोणाला वाटणार? पण परवडेल असा उपाय काही सापडला नाही, आणि भाड्याच्या दरांना लगाम घालायचा विचार सोडून द्यावा लागला. १९९९ पासून दोन्ही बाजूंनी आपापसात दरांचा एक समझोता केलेला आहे, त्यात सामील असलेल्यांची बिलं बऱ्यापैकी मुकाट्याने मिटतात. बाकीची कोर्टात जातात. या सगळ्याचा खर्च शेवटी प्रत्येकाच्या हप्त्यात मिसळतो.

विमा कंपन्यांची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असंही समजू नये. साधं भाडं किती याचा पुरावा कोर्टात देण्यासाठी त्यांच्या बाजूने वापरल्या गेलेल्या एका संस्थेचे आकडेच बनावट निघाले होते, आणि २०१७ मध्ये हायकोर्टाने तिच्या माजी कर्मचाऱ्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं.

तेव्हा ‘पार्टनर’ हा शब्द कानावर आला की थांबून एकच गोष्ट विचारा. ‘ही पॉलिसीतली कर्टसी कार आहे की क्रेडिट हायर?’ क्रेडिट हायर असेल तर पुढचे प्रश्न. रोजचा दर किती? वसुली कमी झाली तर फरक कोण भरणार, आणि ते करारात कुठे लिहिलंय? चूक निम्मी ठरली तर काय? माझी गाडी तुमच्या यार्डात पडून राहिली तर त्याचं रोजचं भाडं कोणाच्या नावावर? गाडी दारात आणून देणारा माणूस टॅब्लेट पुढे करून ‘फक्त इथे बोट फिरवा’ म्हणतो तेव्हा हे विचारून उपयोग नाही. आधी करार ईमेलने मागवा आणि रात्री शांतपणे वाचा. एक रात्र टॅक्सीने काढलीत तरी चालते, गरजेपुरते टॅक्सीचे आणि ट्रेनचे पैसेही समोरून मागता येतात. पावत्या जपा.

भाड्याची गाडी घेतलीच, तर ती कामापुरती ठेवा. दुरुस्ती झाल्याचा फोन आला की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी परत. राइट-ऑफचे पैसे खात्यात जमा झाले की दुसरी गाडी घ्यायला थोडेच दिवस हातात असतात. ‘अजून आठवडाभर राहू दे’ म्हणून ठेवलेल्या गाडीचा तो आठवडा समोरचा वकील सगळ्यात आधी काढतो.

बिनसलं तर तक्रार कुठे करायची, हेही रस्त्यागणिक बदलतं. आपल्या इन्शुरन्सने घोळ घातला तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करायची. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही. समोरच्याच्या इन्शुरन्सविरुद्ध मात्र ओम्बड्समन सहसा तुमचं प्रकरण घेत नाही, कारण तुम्ही त्यांचे ग्राहक नाही. तिथे हातात उरतो तो छोट्या दाव्यांचा कोर्टाचा मार्ग. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो साधारण दहा हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यांना खुला आहे, आणि गाडीच्या नुकसानीसाठी सहा वर्षांची मुदत असते.